पारोसा खडक

दगडांचे फोटो काढायला कुणी एवढ्या लांब जातं का, असं आमच्या घरात प्रत्येकानं एकदा विचारून घेतलं. बायकोनं तर दोनदा. पण जायचं माझं ठरलेलं होतं, कारण मास्तरांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट होती.

मास्तर म्हणजे मला शाळेत भूगोल शिकवणारे आणि दगड फोडून आत बघायचं वेड लावणारे. पुण्यात त्यांचा संसार झाला, पण मूळचे निजामाच्या मुलखातले, भोकरदनकडच्या पिंपळगाव रेणुकाईचे. त्या वर्षी त्यांचे पाय गेले. खाटेवर पडल्या पडल्या त्यांना गावामागच्या ओढ्यातली एक दरड आठवायची. वर काळा खडक, खाली काळा खडक आणि मधे हातभर तांबड्या मातीचा पट्टा. पहिला लाव्हा निवला, त्याच्यावर माती झाली, मग दुसरा लाव्हा येऊन त्या मातीवर पसरला आणि ती भट्टीतल्या विटेसारखी भाजून निघाली, हे त्यांनी पुढे पुस्तकात वाचलं. पट्टा मात्र पाहिला होता तो पोरवयात. थोरल्या वहिनीचं बोट धरून ते दिवाळीआधी भिंतींसाठी तिथली माती आणायला जात. आता पुन्हा जाणं होणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. "तेवढं एकदा दाखव मला," एवढंच म्हणाले.

माझा कॅमेरा काचेच्या प्लेटांचा. साध्या प्लेटेला तांबडा रंग दिसत नाही, फोटोत तो काळाच उमटतो. काळ्या खडकातला तांबडा पट्टा साध्या प्लेटेवर घेणं म्हणजे सगळं मुसळ केरात. म्हणून तांबडं ओळखणाऱ्या महागड्या प्लेटांची एक पेटी घेतली आणि जवळ असाव्यात म्हणून साध्या प्लेटांची एक लहान पेटी.

पौषातली थंडी होती. मनमाडला गाडी बदलून लहान रुळांच्या गाडीनं जालन्याला उतरलो. तेव्हा निजामाच्या हद्दीत आपला कलदार रुपया मोडून हाली शिक्का घ्यावा लागे आणि सामानाची तपासणी होई. तपासणीला एक वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी माझी हातोडी, होकायंत्र, दगड बांधायची फडकी सगळं उलगडून पाहिलं आणि प्लेटांच्या पेटीला हात घातला. उजेड लागला की माझा प्रवास तिथंच संपला. मोडक्यातोडक्या हिंदीत मी गयावया करू लागलो. त्यांनी जरा विचार केला, माझं काळं कापड मागितलं, त्याखाली पेटी ठेवली, कोपरापर्यंत हात घातले आणि डोळे मिटून एकेक प्लेट चाचपली.

"कांचाच हैं," ते म्हणाले. "आँख से नैं देखे तो हाथ से देख लिये. जाव."

इतका अदबीचा अंमलदार मला नंतर कुठे भेटला नाही.

जालन्यात मुक्कामाला धर्मशाळा बरी होती आणि स्टेशनाबाहेरच्या खानावळीत ज्वारीची गरम भाकरी आणि येसराची झणझणीत आमटी पोटभर मिळाली. सरकीचा वास गावभर होता. भोकरदनची मोटार भरल्याशिवाय सुटत नसे आणि भरली म्हणजे किती भरली हे ड्रायव्हरच जाणे. माझ्या मांडीवर पेट्या आणि पेट्यांवर शेजारच्या आजोबांची कोपरं, असा मी धुळीनं माखून भोकरदनला पोचलो. तिथून पुढे बैलगाडी.

गाडीवान रसूलचाचांनी पेट्यांखाली कडब्याची जाड गादी केली आणि मला मागे निवांत बसायला सांगितलं. निवांत बसणं माझ्या कुंडलीत नाही. वाटेत एका ओढ्याच्या उतारावर दरडीतल्या पोकळीत काहीतरी पांढरं लखलखलं. स्फटिक, सुयांसारखे, गोट्याच्या आत गच्च भरलेले. गाडी थांबवायला लावली, उडी मारली आणि हातोडी घातली. पहिल्याच घावाला असा खणखणाट झाला की बैल बुजले आणि पेट्यांसकट गाडी घेऊन उताराला सुसाट सुटले. चाचा मागे, त्यांच्या मागे मी, माझ्या हातात तो दगड.

ओढ्याच्या वाळूत गाडी कलंडली होती. बैलांना आणि कडब्यात रुतलेल्या कॅमेऱ्याला काही झालं नव्हतं. चाचांनी मोठी पेटी उचलून कानाशी हलवली.

"साहेब," ते म्हणाले, "मारलं दगडाला, लागलं काचंला."

त्यांचं दरडावणं तेवढंच. महागड्या प्लेटांचा पार चुरा झाला होता. रात्री मास्तरांच्या गावच्या घरी पोचून अंधारात चाचपल्यावर कळलं की लहान पेटीतली एक साधी प्लेट तेवढी धड आहे. परत फिरावं असंही वाटलं. पण दरड पूर्वेला तोंड करून आहे हे मास्तरांनी सांगितलं होतं. सकाळच्या तिरप्या उन्हात खडकाचा खडबडीतपणा आणि भाजल्या मातीचे बारीक तडे वेगळे उमटले, तर रंगाशिवायही पट्टा ओळखू येईल, एवढ्या आशेवर मी राहिलो.

मास्तरांच्या वहिनी, कौसाक्का, तेव्हा साठी ओलांडलेल्या होत्या. काटक, मोजकं बोलणाऱ्या, आणि कामाला डावा हात पुढे. नवरी होऊन घरात आल्या तेव्हा मास्तर आईवेगळे, लहान होते. त्यांना न्हाऊमाखू घालून यांनीच वाढवलं. जेवताना त्यांनी ताटात लोणी वाढत विचारलं, "भाऊजींचे पाय खरंच चालून न्हाई राह्यले का?" मी हो म्हटलं. मग मी कशासाठी आलोय ते सांगितलं. ओढ्यातली तांबडी माती म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला. फोटो कधी काढणार, एवढंच त्यांनी विचारलं. उन्हं दरडीवर आली की, असं सांगून मी झोपलो.

सकाळी कॅमेरा खांद्यावर टाकून ओढ्यात उतरलो आणि जागच्या जागी खिळलो. कौसाक्का आणि गल्लीतल्या चार बाया झुंजुमुंजूलाच तिथं येऊन गेल्या होत्या. काळा खडक वरून खालपर्यंत शेणानं सारवला होता. मधला पट्टा त्याच्याच ओल्या मातीनं लिंपून गुळगुळीत केला होता. पट्ट्याच्या वर एक, खाली एक, चुन्याची जाड पांढरी रेघ, लुगड्याच्या काठासारखी. आणि रेघ जिथं संपत होती तिथं एक कुयरी. ज्या तड्यांवर माझी सारी भिस्त होती त्यातला एकही शिल्लक नव्हता.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ओरडायला तोंड उघडलं तर समोर कौसाक्का, कोपरापर्यंत हात लाल, थंडीनं कुडकुडत उभ्या.

"भाऊजी बघनार न्हं?" त्या म्हणाल्या. "मंग तसंच पारोसं कसं दावायचं त्यांला? बराबर झालं का?"

फोटोला बसायचं तर माणूस अंघोळ करतं, धुतलेलं नेसतं, केस विंचरतं. त्यांनी खडकालाही पारोसं राहू दिलं नव्हतं. बराबर झालं, असं मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार. तुम्ही शेजारी उभ्या राहा म्हटलं तर त्यांनी मान हलवली. "मी त्यांच्या ध्यानात हाय. खडकच काढा." मी काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि एकुलती एक प्लेट वापरून टाकली. निघताना त्यांनी फडक्यात बांधून तांबड्या मातीची पुरचुंडी दिली. परतीच्या वाटेवर कुठेही गाडी थांबवायची नाही, असं चाचांनी मला आधीच बजावलं होतं.

पुण्याला न्हाणीघरात दारं लावून प्लेट धुतली. काहीच मिळणार नाही हे धरूनच चाललो होतो. छापून पाहिलं तर, ठरल्याप्रमाणे, खडक काळा आणि पट्टाही काळाच. प्लेटेला तांबडं दिसलं नव्हतं. पण काळ्यामधून दोन पांढऱ्या रेघा लख्ख गेल्या होत्या. पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. ती दरड पारोशी राहिली असती तर माझ्या हाती नुसता काळा कागद लागला असता.

मास्तरांनी फोटो दोन्ही हातांत धरला. तड्यांबद्दल, प्लेटांबद्दल मी बरंच बोलून घेतलं, त्यातलं त्यांनी काही ऐकलं नसावं. शेवटी त्यांनी कुयरीवर बोट ठेवलं.

"शेपूट अजून उलटीकडंच," ते म्हणाले. "डावरी आहे वहिनी."

मग त्यांनी पुरचुंडी मागितली. चिमूटभर माती तळहातावर घेतली, तांब्यातल्या पाण्यानं भिजवली आणि बोटानं, दोन पांढऱ्या रेघांच्या मधे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तांबडा पट्टा ओढला. रेघेच्या बाहेर जाऊ नये म्हणून ते श्वास रोखून धरत होते. बघणाऱ्या मला रडू आवरलं नाही, आणि ते मात्र हसत होते.

तिकडे जाणार असाल तर पौषातच जा, हुरडा मिळेल. हाली शिक्का आता गेला, तपासणीही गेली, रस्ता बरा झालाय. तो सुयांचा दगड माझ्या टेबलावर आहे. मास्तर गेल्यावर फोटो त्यांच्या मुलानं मला आणून दिला. त्यातला काळा आता पिवळट झालाय, चुन्याच्या रेघाही पुसट झाल्यात. तांबडा मात्र त्यांनी लावला तसाच आहे.