ताटलीतल्या जिवंत पेशी

बर्ड फ्लूच्या ज्या विषाणूवर आम्ही पुण्यातल्या प्रयोगशाळेत काम करत होतो, त्याच्यावर नेहमीची गोळी चालत नव्हती. म्हणून माणसाच्या अंगातलंच एक प्रथिन वापरून बघायचं ठरलं. विषाणू आत शिरला की पेशी ते तयार करते आणि शेजारच्या पेशींना सावध करते.

ताटलीतल्या खळग्यांत पेशी वाढवायच्या, त्यांत विषाणू सोडायचा, मग काही खळग्यांत गोळी आणि काहींत प्रथिन घालायचं. शेवटी ताटलीत रंग ओतायचा. जिवंत पेशी जांभळ्या दिसतात, मेलेल्या धुऊन जातात. दोनदा सगळी ताटली कोरी निघाली. तिसऱ्यांदा गोळीचे खळगे कोरेच होते, पण प्रथिनाचे गच्च जांभळे! मी हातमोज्यांसकट नाचले. कधी न हसणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी मला मिठीच मारली.

फोटो वडिलांना, म्हणजे आबांना, पाठवला. गावाकडून, काटेवाडीहून, लगेच फोन आला.

"ह्यो जांभळाचा रस कुठं सांडला गं?"

रविवारी घरी गेले. आबांनी सकाळीच डेअरीत सांगून टाकलं होतं की पोरीनं बर्ड फ्लूवर औषध काढलं. चहा होतोय तोवर अंगणात चार माणसं जमली. म्हातारे तात्या तर कोंबडी काखेत घेऊनच आले.

"तात्या, हे अजून ताटलीतच जमलंय," मी म्हटलं. "माणसाला द्यायला लई वर्षं हायेत. आन् कोंबडीसाठी तर न्हायच."

"पर हिला बघ की जरा!"

कोंबडीचा पाय मुरगळला होता, एवढंच. आईनं हळद लावून दिली.

मग मी त्या प्रथिनाबद्दल सगळ्यांना सांगितलं. अंडी विकणारी शेजारची काकू लक्ष देऊन ऐकत होती. ती म्हणाली, "आपल्याच अंगातलं हाय, तर मग माणूस आजारी पडतोच कसा?"

"विषाणू पेशीचं तोंड दाबतो काकू. हाक उशिरा जाते."

"मग त्यो यायच्या आदीच दिलं तर?"

नेमका हाच प्रश्न आम्ही पुढच्या प्रयोगासाठी लिहून ठेवला होता, तोही चार बैठका घेऊन. तिथूनच बाईंना फोन लावला. त्या खळखळून हसल्या. "विचार त्यांना, येतात का आपल्याकडं कामाला?"

मी विचारलं.

"आन् माझी अंडी कोण विकंल?" म्हणत काकूनं चपला घातल्या.