पासपोर्टसाठी दिलेला अंगठा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. भुताखेतांना आमच्या घरात कधी जागा नव्हती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी बापानं घरातले ताईत-गंडे चुलीत घातले, असं आई सांगायची. नागपुरात सक्करदऱ्याला आमच्या गल्लीत एकीच्या अंगात यायचं, तिच्या डोक्यावर मी स्वतः बादलीभर पाणी ओतलंय. लगेच शुद्धीवर आली. तेव्हा ही बाई भोळी आहे असं समजू नका. नात म्हणाली, आजी, या ग्रुपवर लोक असे अनुभव लिहितात, तूही लिही... म्हणून लिहिते.

माझी मुलगी सुजाता मलेशियात मलाका नावाच्या शहरात राहते. सात वर्षांपूर्वी तिनं तिथल्या चिनी माणसाशी लग्न केलं, आम्हाला न विचारता. मी फोनवर सांगितलं, माझ्यासाठी तू मेली. त्यानंतर बोलणं बंद. यंदा तिचा फोन आला. पोटात गाठ आहे, ऑपरेशनची तारीख ठरली आहे. रडली नाही. एवढंच विचारलं, "आई, तू येशील का?"

मी म्हटलं, माझ्याजवळ पासपोर्ट नाही.

मुलगा नागपूरजवळ बेसाला राहतो, मी त्याच्याकडे असते. त्याची मुलगी प्रज्ञा कॉलेजात आहे. तिनं त्याच दिवशी पाच दिवसांचा बेत कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला. सुजाताचं घर नदीच्या काठावर आहे. आधी दोन दिवस बोटीतून नदी बघायची, मग एकाच गल्लीत देऊळ, मशीद आणि चिनी लोकांचं विहार आहे ते बघायचं, मग ऑपरेशन. मुलाचा विरोध होता. त्याचं म्हणणं, या वयात एवढ्या दूर कशाला.

पासपोर्टच्या ऑफिसात दहा बोटांचे ठसे घेतात. माझे आलेच नाहीत. तीस वर्षं बिड्या वळल्या मी. तेंदूचं पान, तंबाखू, दोरा — बोटांची कातडी घासून काचेसारखी झाली आहे. काउंटरवरच्या मुलीनं ओल्या कागदानं बोटं पुसली, चार वेळा दाबून बघितली. पडदा कोरा. दोष तिचा नव्हता. म्हणाली, आठ दिवस हातांना व्हॅसलीन लावा, भांडी घासू नका, मग या.

ऑपरेशनला दिवस थोडे होते. दुसऱ्यांदा जमलं नाही तर तिकडे जाणं झालंच नसतं. प्रज्ञा दिवसातून दोन वेळा माझ्या बोटांना व्हॅसलीन चोळायची. मला भांड्यांना हात लावू देत नव्हती.

आता खरं सांगते. ज्या दिवशी परत जायचं होतं, त्या दिवशी सकाळी प्रज्ञा अंघोळीला गेली आणि मी मागच्या बाल्कनीत दार लावून राखेनं दोन कढया घासल्या. दोन्ही हातांनी, जोर लावून. मेली म्हटलेल्या पोरीसमोर कोणतं तोंड घेऊन उभी राहू, ते मला कळत नव्हतं. मशीननं नाही म्हटलं की प्रश्न मिटला, असा माझा हिशोब.

अकरा वाजले होते, उजेड लख्ख. काउंटरवर तीच मुलगी. उजव्या हाताची बोटं — कोरी. डाव्या हाताची — कोरी. प्रज्ञाचा चेहरा उतरला. मी मनातून सुटले होते.

मग अंगठे. डावा अंगठा काचेवर ठेवला आणि वरून कोणीतरी दाबला. काउंटरवरची मुलगी तर पलीकडे खुर्चीत बसलेली. प्रज्ञा माझ्या उजव्या बाजूला. मी हात मागे ओढायला गेले... निघेना. फार जोरात नाही, पण जाऊ न देणारं दाबणं. पान दुमडायला शिकवताना माझी मोठी बहीण शेवंता माझा अंगठा असाच दाबून धरायची.

पडद्यावर ठसा आला. एकेक रेघ स्पष्ट. आणि त्यावर तिरपी चीर, खालच्या टोकाला विळ्यासारखी वळलेली.

मुलीनं विचारलं, "आजी, हे जुनं लागलेलं आहे का?"

माझ्या अंगठ्याला आयुष्यात कधी लागलेलं नाही. ती चीर शेवंताची होती. पान कापायची कात्री निसटून तिच्या डाव्या अंगठ्यात घुसली होती, मीच हळद भरून चिंधी बांधली होती. शेवंताला जाऊन बावीस वर्षं झाली. माझी सुजाता तिच्याच मांडीवर वाढली, कारण मी बिडीच्या कारखान्यात असायची.

मी म्हटलं, "हो, जुनं आहे." हात सुटला. मुलीनं बाकीची बोटं परत घेतली. दहाही आली.

ऑटोत प्रज्ञानं माझा अंगठा मोबाईलच्या उजेडात धरला. गुळगुळीत. तिनंही पडद्यावर ती चीर बघितली होती. म्हणाली, आधीच्या माणसाचा ठसा राहिला असेल. मग माझी बाकीची बोटं कशी आली? घरी आल्यावर शाई लावून मी कागदावर अंगठा दाबला. निळा डाग, एक रेघ नाही. शेवंतानं जन्मात कुठे अंगठा दिला नव्हता, ती सही करायची. तिचा ठसा कोणत्या मशीनमध्ये असायचं कारण नाही.

पासपोर्ट घरी आला. तिकीट निघालं. रात्री नीट झोप नाही, अंगठा मुठीत धरून पडते.

काल सुजाताचा फोन होता. बोटीचं बोलली, मला जिने चढता येतील का ते विचारलं.

"आई, खरं सांग. तुले यायचं होतं का?"

"नव्हतं," मी म्हटलं.

तिच्या मागे कुठेतरी बोटीचा भोंगा वाजला.

"मग आता?"

"आता येऊन राहिली. गुरुवारी."

अंगठ्याचं तिला सांगितलं नाही. काय सांगू — मलाच कळलेलं नाही. कोणाला कळलं तर इथे लिहा, पण मशीन बिघडली होती असं लिहू नका. हात मागे ओढताना जी पकड लागली, ती मशीनची नव्हती.