चुकीच्या जागी दाद

बाई गेल्यावर वर्षभराने त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेत एक निधी उभारला, होतकरू मुलांना पुस्तकं मिळावीत म्हणून. नाव दिलं ‘बाई-सर काव्यनिधी’. फलकावर खाली ओळ होती, ‘शिकवण्यावर आणि कवितेवर जीव असलेल्या दांपत्याच्या स्मरणार्थ’.

“अरे, मी अजून आहे!” सर ओरडले. ‘स्मरणार्थ’ ताबडतोब खोडलं गेलं. ‘कवितेवर जीव’ मात्र तसंच राहिलं आणि सरांची पंचाईत तिथेच होती.

कारण सर पडले गणिताचे. कविता त्यांच्या डोक्यावरून जायची. बाई भाषा शिकवायच्या आणि कवितेच्या पार वेड्या. रोज संध्याकाळी त्या मोठ्याने कविता वाचत, सर समोर बसून वह्या तपासत. बाई श्वास घ्यायला थांबल्या की सर मान वर न करता म्हणत, “वा!” एकदा कवितेतली आई वारली, तर तिथेही यांनी “वा!” ठोकून दिलं.

बाई काय समजायचं ते समजल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच सुरात सुरुवात केली, “साखर सरली, चहाची पूड सरली, उद्या सकाळी काय रे प्यावे...”

“वा! काय कल्पना आहे!” सर म्हणाले. सकाळी त्यांच्यापुढे कपभर गरम पाणी आलं.

आता असल्या माणसाने फलकावर मिरवायचं? निधीच्या उद्घाटनाला निघताना सरांनी लेकीला सांगून टाकलं, “माझं नाव काढायला लाव. ही शुद्ध फसवणूक आहे.”

“बाबा, गप्प बसा हो. कोणाला कळतंय?”

सरांचा जीव मात्र कात्रीत सापडला होता. खोटं मिरवणं पटत नव्हतं, आणि नाव काढलं तर बाईंच्या शेजारची जागा जाणार होती. घरातली तर गेलीच होती.

शेवटी माईक हातात आल्यावर त्यांना राहवलं नाही. “मला कवितेतलं ओ की ठो कळत नाही,” ते म्हणाले. “मी नुसता वा-वा करायचो. तेही चुकीच्या जागी.”

सभागृह खो खो हसत सुटलं. मुख्याध्यापिका म्हणजे बाईंचीच विद्यार्थिनी. ती डोळे पुसत उठली. “सर, हे बाईंनी आम्हाला सातवीतच सांगितलं होतं. गरम पाण्यासकट.”

“भर वर्गात?”

“दर वर्षी! आणि पुढे म्हणायच्या, कविता कळणारे ढिगाने भेटतात गं. काही कळत नसताना रोज समोर येऊन बसतो, तो माणूस माझ्या एकटीच्या वाट्याला आलाय.”

भाषण तिथेच सोडून सर खाली येऊन बसले आणि चष्मा पुसू लागले. लेक हळूच वाकून म्हणाली, “मग बाबा, काढायचं ना तुमचं नाव?”

“खबरदार हात लावलास तर!” सर म्हणाले.