मधे लोखंड जास्त, कडेला कमी

"आधी बघा, मग भांडा!" असं ओरडून त्यानं माझ्या नातीला उचललं, तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. श्वास अडकला होता. आणि मी दार अडवून उभी होते. भाडेकऱ्यानं पोरीला हात लावलेला मला चालत नव्हता.

तो लातूरकडचा. मोशीतल्या आमच्या घराची नदीकडची खोली त्याच्याकडे होती. घराच्या दुसऱ्या अंगाला ओतकामाचा कारखाना. तो तिथंच तपासणीला होता. लोखंडाच्या तुकड्यावर ठिणगी पाडायची आणि तिच्या उजेडावरून आत काय काय आहे ते सांगायचं.

सुट्टीला तो घरोघरच्या गच्च्यांवर लोहचुंबक फिरवायचा. जे चिकटेल त्याची पुडी बांधायची, वर घरमालकाचं नाव. तुम्हाला काय वाटलं असतं? मला वाटलं, जमिनीवर डोळा ठेवून आलेला बिल्डरचा माणूस.

एकदा मी भाकऱ्या थापताना येऊन बसला.

"आजी, आपली आकाशगंगा अशीच चपटी आहे. मधल्या ताऱ्यांत लोखंड जास्त, कडेच्या ताऱ्यांत कमी."

"का? मधल्यांनी काय पुण्य केलंय?"

"मधे तारे जास्त जन्मले, जास्त मेले. लोखंड त्यांच्या पोटात तयार होतं. ते फुटले की नव्या ताऱ्यांत मिसळतं."

"वर कोण गेलं हुतं बघाया?"

"उजेडावरून कळतं. कंपनीत मी तेच करतो."

मग त्यानं पुड्या उघडल्या. कारखान्याजवळच्या घरांच्या काळ्या, जड. नदीकडे यावं तशा हलक्या. आमची सगळ्यांत जड.

"इथंही तसंच आहे, आजी. पोरगी कारखान्याकडच्या खोलीत झोपते, ही लोखंडाची धूळ छातीत जाते, म्हणून खोकते. माझी खोली घ्या, मी तिकडं जातो."

तिकडच्या खोलीत माझी जमिनीच्या कागदांची पेटी होती.

"व्हय रं, माझ्या कागदांवर निजायचंय तुला!" म्हणत मी सगळ्या पुड्या गटारात ओतल्या.

महिन्याभरात ती सकाळ आली. त्यानं मला बाजूला ढकललं, सुनेला पोर घेऊन मागं बसवलं आणि मोटारसायकल दवाखान्याकडे काढली. ते गेल्यावर मी आधी पेटीचं कुलूप बघितलं.

चार दिवसांनी खोल्या बदलल्या. पेटी मी माझ्याबरोबर नेली. त्याला चाकणला नोकरी लागेपर्यंत तो कारखान्याच्या बाजूला झोपला. जाताना लोहचुंबक ठेवून गेला. म्हणाला, "आधी बघा."

मी रोज नदीकडच्या खिडकीत फिरवून बघते. इथंही थोडं लोखंड चिकटतंच.

नात वाचली.