अर्ध्या टाकीवर हिरवी झंडी

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तेव्हा शहरात सगळ्यात आधी वाढल्या त्या कोनशिला. रस्ता मागाहून यायचा. आणि कोनशिलेच्याही आधी यायचा माझा दादा, जुन्या पिकअपमध्ये कुंड्या भरून.

त्याची रोपवाटिका होती, आणि समारंभांना कुंड्या भाड्यानं देणं हा धंदा. सकाळी मंचासमोर पामची आणि शेवंतीची रांग लागायची, मंत्री तिच्याकडे हात करून हरित राजधानीबद्दल बोलायचे, आणि संध्याकाळी ती हिरवळ पुन्हा गाडीत चढून तात्यापाऱ्यात आमच्या अंगणात परत यायची. शंकर नगरातल्या एका दफ्तराचं उद्घाटन झालं, नंतर त्याच दफ्तराच्या कुंपणभिंतीचं झालं. दोन्हीकडे आमचाच तो एक वाकडा पाम उभा होता. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो. दादा म्हणायचा, "तू शिकवते ते राज्य सायंकाळी माह्या गाडीत घरी येते."

बाबा रेल्वेत गार्ड होते. नोकरी संपली, पण गार्ड संपला नाही. दादाची पिकअप त्यांच्या परवानगीशिवाय गल्लीतून हलत नसे. रोज सकाळी ते गाडीभोवती एक फेरी मारत, टायरांना लाथ घालत, मग ड्रायव्हरच्या खिडकीतून आत वाकून डिझेलचा काटा मोठ्यानं वाचत. खिशात जुन्या झंडीचा कापून केलेला हिरवा रुमाल असे. टाकी अर्धी किंवा जास्त असली तरच तो हलायचा. काटा अर्ध्याच्या खाली दिसला की रुमाल खिशात आणि बाबा बोनेटसमोर उभे.

"बाबा, पंप कोपऱ्यावर आहे. जाता जाता भरतो."

"गाडी सुटल्यावर भरते का कोणी? आधी भर, मग सुट."

"मंत्री येऊन बसून राहिले असतील तिथं!"

"बसू दे. त्यायले कुठं गार्डाची परवानगी लागते."

शेजारचे लोक चहाचा कप घेऊन हे बघायला बाहेर येत. दादाला रोकड हातात आली की थोडं थोडं डिझेल टाकायची सवय होती आणि बाबांना नियम मोडायची सवय नव्हती, त्यामुळे हा खेळ रोजचा झाला. बाबांचा रक्तदाब चढायचा, दादाला उशीर व्हायचा.

मग एकाएकी भांडण थांबलं. सकाळी काटा अर्ध्यावर असायचा. बाबा "अर्धी टाकी!" असं प्लॅटफॉर्मवरच्यासारखं ओरडून रुमाल हलवत आणि आत येऊन खुशीत पेपर उघडत. "पोट्टा सुधरला," वहिनीला सांगत. घरात शांतता आली की ती कुठून आली हे कुणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नाही.

ते थंडीचे दिवस होते. नव्या राजधानीच्या माळावर कशाचा तरी शुभारंभ होता. दादानं पहाटेच कुंड्या उतरवल्या आणि तो परत निघाला, तर पाहुण्यांच्या गाड्यांसाठी सरळ रस्ता बंद केलेला. त्याला लांबच्या वळणावर पाठवलं, तिथून आणखी एका. त्या रुंद, नव्या, एकही टपरी नसलेल्या रस्त्यावर डिझेल संपलं. गाडी बाजूला लावून तो कॅन घेऊन पायी निघाला. मागून आलेली कुठलीशी गाडी त्याला उडवून गेली. कुठली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मंचावरची भाषणं वेळेवर झाली.

घरी आलेल्या हवालदारानं सहज सांगितलं, "चाचा, गाड़ी में डीज़ल ही नहीं था."

"अर्धी होती," बाबा म्हणाले. "मी वाचली."

हवालदारानं त्यांच्या जाड चष्म्याकडे पाहिलं. बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्या दिवसापासून त्यांनी चष्मा काढून कोनाड्यात ठेवला तो घातलाच नाही. नातेवाईक आले, नशिबाबद्दल बोलले, चहा पिऊन गेले. बाबा एकच वाक्य बोलायचे, तेही भिंतीकडे पाहून: "मी पोट्ट्याले गलत झंडी देल्ली." ताटातलं अन्न तसंच राहायचं. गार्डाच्या हातून दुसरी कुठलीही चूक झाली तर खुलासा मागतात. या चुकीचा खुलासा मागायला वर कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते स्वतःच स्वतःला विचारत बसत.

एका रविवारी ते चष्मा घालून अंगणात आले.

"चाल. गाडी तपासू. काटा खोटा होता का माहे डोळे, ते पाहू."

पिकअप ताडपत्रीखाली उभी होती. ओढून आणली तेव्हापासून तिच्यात कुणी थेंब टाकला नव्हता. मी टाकीवर बोटानं ठोकलं. रिकाम्या डब्यासारखी वाजली. बाबा दादाच्या जागी बसले आणि त्यांनी चावी फिरवली.

"काय दिसते तुले?"

"तुम्ही सांगा ना."

"नाही. आधी तू."

मी खिडकीतून वाकलो. "अर्धी."

त्यांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला, काट्याजवळ तोंड नेलं. "अर्धी," ते हळूच म्हणाले. "म्हंजे मी बरोबर वाचलं होतं."

वहिनी दारात उभी होती. "झालं न मामाजी आता," ती म्हणाली. सासऱ्याला ती मामाजीच म्हणते. "चला, दोन घास खाऊन घ्या."

मलाही तिथंच थांबायचं होतं. पण रेल्वेची चौकशी कारण सापडल्याशिवाय बंद होत नाही.

"झालं नाही. काटा खोटं बोलला. काहून बोलला?"

गाडीच्या कप्प्यात तिचं जुनं पुस्तक होतं. दादानं ते कधी उघडलं नसावं. मी पुस्तकांशिवाय काही उघडलेलं नाही. त्यात लिहिलं होतं तसं मी गाडीखाली आडवा झालो आणि टाकीतून येणारी वायर काढली.

"पडला!" वरून बाबा ओरडले. "काटा पडला! पार खाली!"

मग तीच वायर गाडीच्या सांगाड्याला टेकवली.

"चढला! फुल!"

कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला. क्षणभर वाटलं, पुढच्या दारानं दादा हसत येईल आणि म्हणेल, "बाबा, गल्ली झोपली आहे अजून."

म्हणजे काटा ठीक होता, वायर ठीक होती. खोटेपणा टाकीच्या आत होता.

टाकी उतरवणं मला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. भरलेली असती तर मला एकट्याला पेलली नसती. रिकामी होती, हाच तर सगळा प्रश्न होता. वरची चकती फिरवून मी आतला भाग बाहेर काढला. एक बारीक दांडी असते, तिच्या टोकाला तरंगता गोळा. डिझेलबरोबर गोळा वर जातो, डिझेलबरोबर खाली येतो, आणि काटा त्याच्या मागे जातो. इथं गोळ्याला कुठं जायची सोय नव्हती. दांडी अगदी मध्यावर आणून तारेनं आवळून बांधली होती.

तार हिरवी होती. रोपं काठीला बांधायची. दोन पीळ, आणि टोक आतल्या बाजूला वळवलेलं, गिऱ्हाईकाच्या बोटाला टोचू नये म्हणून. तसं टोक वळवताना मी फक्त दादालाच पाहिलं होतं.

बाबा गाडीतून उतरत होते. माझी पाठ त्यांच्याकडे होती. मी पक्कड घेऊन तार तोडली आणि खिशात टाकली.

"काय निघालं?"

"गंज, बाबा. गंजानं दांडी अडकली होती. जुनी गाडी, होते असं."

"पाहू."

मी तो भाग त्यांच्या हातात दिला. वहिनी माझ्या खिशाकडे पाहत होती. बाबांनी दांडीवरून अंगठा फिरवला, आणि मध्यावर तो थांबला. तारेचं हिरवं आवरण डिझेलनं मऊ होऊन तिथं चिकटलं होतं. अंगणभर कुंड्या होत्या, आणि प्रत्येक कुंडीतल्या काठीवर तोच हिरवा रंग होता. बाबांनी एकदा त्या कुंड्यांकडे पाहिलं.

"हिरवा गंज असते का रे?"

"तांब्याले येते."

"ही दांडी तांब्याची आहे?"

बोलली ती वहिनी.

"ते म्हणत, झंडी दाखवली का बाबांचा दिवस बरा जाते. तर जाऊ दे न बरा. डिझेलचा हिशेब ते किलोमीटरवरून ठेवत. कधी चुकले नाही. त्या दिवशी रस्ता बंद राहील, हे कोणाले माहीत होतं, मामाजी?"

बाबा खाली पायरीवर बसले. दांडी त्यांच्या हातात होती आणि गोळा आता मोकळा झाल्यामुळे हलक्या हातानंही वरखाली होत होता. ते तो बोटानं वर करत, सोडून देत. गोळा पडायचा. पुन्हा वर करत.

"म्हंजे डोळे नाही," ते म्हणाले. "झंडीच."

मी त्यांना काय सांगायला हवं होतं ते मला आजही सापडलेलं नाही. राज्यशास्त्रात ते नव्हतं, गाडीच्या पुस्तकातही नव्हतं.

मी ते सगळं परत बसवलं. काटा खरा झाला. गाडी चालवायला वहिनीला दादानंच शिकवलं होतं, आणि राजधानीत उद्घाटनं थांबायचं लक्षण नव्हतं, तेव्हा धंदा तिनं हातात घेतला. पहिल्या सकाळी मी तिच्याबरोबर कुंड्या चढवल्या. टाकी तिनं आदल्या दिवशीच काठोकाठ भरून आणली होती. ती गाडीत बसली, इंजिन चालू केलं आणि खिडकीतून म्हणाली, "मामाजी, पहा न जरा."

बाबा आले. टायरांना लाथ घातली नाही. वाकून काटा पाहिला.

"फुल," ते म्हणाले. आवाज प्लॅटफॉर्मचा नव्हता.

ती थांबून राहिली.

"जा आता."

"झंडी?"

बाबांचा हात खिशात गेला आणि आतच राहिला. "नाही होत मले, पोरी."

वहिनीनं इंजिन बंद केलं. ती स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत बसली, बाबा मडगार्डला टेकून उभे राहिले, आणि गल्लीत ऊन उतरलं. शेजारी एकजण कप घेऊन बाहेर आला आणि तसाच आत गेला.

शेवटी ती निघाली, झंडीशिवाय. कुंड्या उशिरा पोचल्या. उद्घाटन त्यांच्याविना आटोपलं होतं, आणि हिरवळ नव्हती हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.