एका कडेने खाल्लेली पट्टी

खाऱ्या पाण्यातल्या लोखंडावर आमच्या सरांनी जेवढी माया केली, तेवढी पृथ्वीवर दुसऱ्या कुणी केली नसेल. ते एमएस्सीला माझे गाइड होते. राहायला कोपरीत. घरून निघताना चष्मा विसरतील, पण शबनममधला करंट मोजायचा मल्टिमीटर कधीच नाही. लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी मांडवाचा खांब तपासायचे. "यांना पोळी करपली तरी चोरट्या करंटचाच संशय येतो," असं काकू म्हणायच्या.

खाडीच्या पाण्यात लोखंड किती गंजतं, हा माझा प्रोजेक्ट. बाळकुमकडच्या एका जेट्टीवरून मी नायलॉनच्या दोरीने लोखंडी पट्ट्या पाण्यात सोडल्या होत्या. वर काढल्या तर कुरतडलेल्या! हिशेबात बसेल असं काहीच उरलं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वर्ष बुडालं असतं तर गावाहून पुन्हा पाठवणं वडिलांना जमणार नव्हतं. रडवेला होऊन मी सरांकडे गेलो. त्यांनी पट्टी उलटसुलट केली आणि चक्क टाळी वाजवली.

"रडतोस काय वेड्या! एकच कड खाल्लीय बघ. साधा गंज असा पंक्तिभेद करत नाही."

तसेच रिक्षाने जेट्टीवर. तिथे एका बोटीचं वेल्डिंग चाललं होतं आणि अर्थिंगचा चिमटा बोटीऐवजी जेट्टीच्या लोखंडी खांबाला लावलेला. म्हणजे करंट खाऱ्या पाण्यातून, वाटेतल्या माझ्या पट्ट्यांमधून फिरत होता. आणि लोखंडातून बाहेर पडून तो ज्या कडेने पाण्यात उतरतो, तेवढीच कड झिजवतो.

"दादा, चिमटा बोटीला लावा की."

"काका, रंग आहे तिला, त्यावरून करंट जात नाही. खरवडणार कोण?"

इस्त्रीच्या शर्टातले सर बोटीत उतरले आणि स्वतः रंग खरवडत बसले. नंतर सोडलेल्या पट्ट्या शहाण्यासारख्या सगळीकडून सारख्या गंजल्या. खाल्लेल्या पट्टीवर सरांनी मला वेगळं प्रकरण लिहायला लावलं. मी पास झालो.

निकालानंतर वडील तांदळाची पिशवी घेऊन सरांना भेटायला आले. सरांनी ती पट्टी त्यांच्या हातात दिली आणि चहा निवेपर्यंत करंट समजावला. वडील मान डोलावत राहिले. माझं नाव सरांनी एकदाही घेतलं नाही.

जिना उतरताना वडिलांनी हळूच विचारलं, "तुज्याबद्दलच सांगत व्हते ना रं?"

आज दोघंही नाहीत. तेव्हा मी "हो" म्हणालो होतो, आणि ते खोटं होतं असं मला अजून वाटत नाही.