म्हसूची वाघर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, दारूच्या बैठकीतसुद्धा नाही. आणि तिथं तर माणूस काय काय ओकून टाकतो, तुम्हाला ठाऊक असेल. आता सांगतो आहे, पण मान खाली घालून नाही. हे आधीच बोलून ठेवतो, म्हणजे नंतर तुमची निराशा नको.

आम्ही रानडुकरं मारायचो. बंदी असताना मारायचो. त्याची मला लाज वाटत नाही, आजही नाही. तोंड वाकडं करू नका. मी स्वतः आता पडेगावला फ्लॅटमध्ये राहतो, आमच्या सोसायटीतले लोक संध्याकाळी कुत्र्यांना बिस्किटं घालतात, मीही घालतो. पण ज्यानं डुकरांनी लोळवलेला मका पाहिला आहे, त्याच्याशी मला बोलू द्या. बाकीच्यांनी नुसतं ऐकावं.

आमचं गाव बिडकीनच्या बाजूला. कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, तिथं आधी रुंद रस्ते झाले, दिव्यांचे खांब उभे राहिले, आणि कारखाने मात्र येता येईनात. मधल्या मोकळ्या रानात वेडी बाभूळ माजली आणि तिच्या आडोशाला डुकरं. मग एक दिवस मशिनी आल्या, बाभूळ उपटली गेली, आणि डुकरं सरकली आमच्या शिवारात. त्यात पावसानं सलग दगा दिलेला. सगळ्या शिवारात हिरवं म्हणून काय होतं? माझ्या भावानं विहिरीच्या तळातल्या पाण्यावर जगवलेली मक्याची पट्टी. मी वाळूजला कंपनीत होतो, सुट्टीला मोटारसायकलवर गावी यायचो. त्या सुट्टीला आलो तर भाऊ बांधावर बसलेला. मका गाडीखाली आल्यासारखा आडवा झालेला. डुक्कर खातं थोडं, लोळवतं फार.

मग आम्ही म्हसूकडे गेलो. दुसऱ्या कुणाकडे जाणार?

म्हसू धनगराचा, माझ्या वयाचा. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, नंतर तो मेंढरांमागे गेला आणि मी शाळेत राहिलो. त्याच्याकडे वाघर होती. वाघर म्हणजे जाळं. धनगर रात्री मेंढरं शेतात बसवतात तेव्हा भोवती लावतात ते. तेच जाळं डुकरालाही चालतं, फक्त दोर भक्कम हवा. आणि दोर वळावा तर म्हसूनंच. अंबाडी भिजवून, सोलून, मांडीवर वळून तो जो दोर काढायचा, त्याला आसपासच्या गावांतून मागणी असायची. विहिरीला म्हसूचा दोर, बैलाला म्हसूचा दोर. कुणाच्या घरी मूल जन्मलं की पाळण्याला म्हसूचा दोर, हे तर ठरलेलंच. बारशाच्या आदल्या दिवशी तो स्वतः येऊन आढ्याला बांधायचा आणि त्याला आपल्या वजनानं लोंबकळून दाखवायचा. बायका हसायच्या. माझा थोरला त्याच दोराच्या पाळण्यात झोपला.

वाघर लावायची रीत सांगतो, कारण तिच्यावरच सगळं आहे. कोरड्या नाल्याच्या तोंडाशी जाळं उभं करायचं. एक टोक झाडाला बांधायचं आणि दुसरं माणसाच्या हातात. दोन्ही टोकं बांधली तर जाळं ताठ राहतं, डुक्कर धडकून मागं फिरतं. हातातल्या दोराला मात्र धडक बसताच जरा ढील द्यायची आणि लगेच ओढायचं, की जनावर गुरफटतं. मग भालेवाला पुढं होतो. जोवर दोर ताणलेला आहे, तोवर भालेवाल्याला भीती नाही. दोर सुटला, की मग —

भालेवाला म्हसू होता. दोर माझ्या हातात होता.

मीच मागून घेतला होता. भावाच्या मक्याचा राग होता, आणि वाळूजमध्ये राहून मी मऊ पडलो नाही हे गावाला दाखवायचं होतं. म्हसूनं दोराचा एक वेढा खुंटाला घातला, टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "आप्पा, मी सांगस्तोवर सोडायचा नाय. डुक्कर तुज्याकडं बघंल. बघू दे."

सकाळची वेळ होती. नाल्याच्या वरच्या अंगानं हाकारे डबे बडवत निघाले, कुत्री भुंकायला लागली. आणि ते आलं. एकटाच नर, अंगावर वाळलेला चिखल. जाळ्यात धडकला, मी ढील दिली, ओढलं. सगळं सांगितल्याप्रमाणे झालं. तो गुरफटला. म्हसू भाला घेऊन वाकला. आणि डुकरानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

बघू दे, म्हणाला होता ना म्हसू? मी नाही बघू दिलं. मी दोर सोडला आणि नाल्याची कड चढून पळालो.

हे झालं पळणं. थांबा, कबुली अजून आलेली नाही. पळालो याचं मला फार काही वाटत नाही. तुम्हीही पळाला असता. नसता पळाला? दोर हातात घेऊन बघा एकदा, मग बोलू. भीती माणसाला विचारून येत नाही. तिच्यासाठी मी कुणापुढे नाक घासणार नाही.

मी मागं पाहिलं तेव्हा म्हसू पडलेला होता आणि डुक्कर जाळ्यातून निसटून नाल्यातून खाली निघून गेलं होतं. सुळा मांडीत गेला होता. म्हसूची शुद्ध हरपलेली. मी खाली उतरलो, त्याच्या मांडीला माझा शर्ट बांधला. हेही मीच केलं, तेवढंच चांगलं. हाकारे अजून वळणाच्या पलीकडे होते. तिथून माझा भाऊ ओरडला, "काय झालं रं? दोर तुटला का काय?"

मी म्हणालो, "व्हय! तुटला!"

बघा, शब्द त्यानं दिला. मी फक्त व्हय म्हणालो. असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं.

पण दोर तर तिथं पडला होता. अख्खा. काहीही न झालेला. माणसं वळणावर येईपर्यंत मला वेळ होता, आणि बाभळी तोडायला आणलेला विळा माझ्या कमरेला होता. म्हसू शेजारी बेशुद्ध पडलेला असताना मी तो दोर कापला. कापून टोकं दगडावर घासली, धागे सुटे केले, म्हणजे तुटल्यासारखं दिसावं. भीतीनं हात कापत होते म्हणाल, तर नाही. हात अगदी शांत होते. यासाठी मी इथं लिहायला बसलो आहे.

पुढचं सगळं सोपं झालं. शहरातल्या दवाखान्यात आम्ही सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं की बैलानं मारलं. शिकार म्हटलं असतं तर वनखात्याचे लोक आले असते. त्या खोट्यात गाव सामील होतं. वाघर जाळून टाकू, उगाच पुरावा नको, असं मीच सुचवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मेंढ्यांच्या लेंड्यांचा वास असलेलं ते जाळं भावाच्या शेतात जळलं, दोराच्या दोन्ही टोकांसकट. गावाच्या खोट्याच्या पोटात माझं खोटं जाऊन बसलं. कोण शोधणार? डुक्कर खालच्या अंगाला कुत्र्यांनी गाठलं होतं. वाटे पडले. माझा वाटा घरी आला. मी खाल्ला.

म्हसू काही महिन्यांनी घरी आला तो पाय ओढत. मी भेटायला गेलो. बाजेवर बसला होता, बायकोनं चहा टाकला. आणि त्यानं काय करावं? माझा हात धरला. म्हणाला, "आप्पा, चूक माजी हाय. त्या साली अंबाडी आलीच नाय, मी जुन्यातलीच वळली. मला ठावं होतं. तुजा जीव गेला असता माज्या दोरापायी."

तो माझी माफी मागत होता. माझी! मी काय म्हणालो? "जाऊ दे," म्हणालो. मोठ्या मनानं माफ केलं मी त्याला.

त्यानंतर त्यानं दोर वळला नाही. मेंढरं विकली, पाय चालत नव्हता. नव्या कारखान्याच्या फाटकावर खुर्ची टाकून बसायला लागला. ज्यांच्या घरी त्याच्या दोराचा पाळणा टांगलेला होता, त्यांनी गुपचूप दोर बदलले. पायाला तो रडला नसेल. या बदललेल्या दोरांना रडला, असं त्याच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं. माझ्या बायकोनं जेवताना मला सांगितलं. मी भाकरी मोडत होतो, मोडत राहिलो.

नातू झाला तेव्हा मी मुद्दाम त्याच्याकडे गेलो. का गेलो, विचारू नका. कदाचित मला वाटलं, एक पाळणा बांधला की फिटेल सगळं. "म्हसू, नातवाच्या पाळण्याला दोर वळून दे." त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितलं. मग म्हणाला, "नगं आप्पा. लेकराच्या जिवाशी खेळ नगं. इकत आण."

तेव्हा बोलायला हवं होतं. जगातला एकटा मी होतो ज्याला ठाऊक होतं की त्या हातांवर कुठलंही लेकरू टांगावं. मी चहा संपवला आणि शहरात येऊन लोखंडी साखळी विकत घेतली.

आणि आता हे का? म्हातारपण आलं, देव आठवला, असलं काही नाही. परवा मुलगा फोनवर एका ठेकेदाराबद्दल बोलत होता. म्हणाला, "त्याचं काय धरता, बाबा, तो म्हणजे निव्वळ म्हसूचा दोर." आमच्या गावात आता असं म्हणतात. भरवशाचा नसेल त्याला म्हणतात. माझा मुलगा, जो त्या दोरावर झोपून मोठा झाला. मी फोन ठेवला आणि मला स्वतःचा राग आला. उशिरा आला, पण खरा आला.

मी माफी मागणार नाही. मागितली तर तो लगेच देईल, आणि मला ती नको. पाय परत देता येत नाही, मेंढरंही नाहीत. म्हसूला वाचता येतं, म्हणून इथं त्याचं नाव बदललेलं नाही. गावानंही वाचावं आणि मला काय म्हणायचं ते म्हणावं. आमच्या दारावरून जाताना थुंकायचं असेल तर थुंकावं.

दोर चांगला होता, म्हसू. अंबाडी जुनी असेल, पण दोर चांगला होता. मी विळा घासत होतो आणि तो तुटत नव्हता. मला गुडघ्यानं दाबून, दोन्ही हातांनी कापावा लागला.